वज्यावरचं बोलणं

महिपतीनं आयुष्यात दोन कामं केली. तेरा वर्षं रूळ उचलले आणि पुढं एकवीस वर्षं रूळ उचलणाऱ्यांना हाळी दिली. दुसरं काम पहिल्याहून सोपं असं ज्याला वाटतं, त्यानं ते एक दिवस करून बघावं. संध्याकाळी भाकरी गिळताना घसा काय सांगतो ते ऐकावं.

गाव वडिवळं. कामशेतापासून आत. घरची भाताची खाचरं दोन भावांना पुरण्याजोगी नव्हती, म्हणून धाकटा महिपती विसाव्या वर्षी लोणावळ्याला ठेकेदाराच्या टोळीत लागला. स्टेशनापासून खडीच्या खाणीपर्यंत रुळांचा फाटा टाकायचा, गोदामापर्यंत टाकायचा, असली कामं हे ठेकेदार घेत. ठेकेदार बदलत. टोळी तीच राही.

रूळ तीस फुटांचा. वजन नऊ मण. त्याला सहा चिमटे लागतात. एका चिमट्याला दोन गडी, एक रुळाच्या या अंगाला, एक त्या अंगाला. बारा माणसांत नऊ मण म्हणजे माणशी तीस शेर. तीस शेर काही फार नाही, भाताचं पोतं त्याहून जड असतं. पण हे झालं कागदावरचं वजन. जमीन सपाट नसते. उंचवट्यावर जे दोघं असतात त्यांच्यावर मणाच्या वर येतं, आणि खळग्यातल्या दोघांचे हात नुसते चिमट्याला लागलेले असतात. चार पावलं पुढं गेलं की उलटं होतं. वजन असं माणसामाणसांतून सरकत जातं. ज्याच्याकडं ते येणार, त्याला क्षणभर आधी कळायला हवं. ते कळवायचं काम हाळीचं.

हाळी देणारा रुळाच्या बाजूनं चालतो. हात मोकळे, नजर बारा जणांच्या पायांवर. आणि तोंडानं तो एकेकाचा उद्धार करत जातो.

“बजरंग्या, सासुरवाडीला जेवाय बसलायस का? मांडी सोड, ऊठ!”

“हां रं हां!” सगळे एका दमात.

“शिद्या, तुज्या वाडीवरनं दगडं उतरत्यात, तू का उतरंना?”

“हां रं हां!”

ज्याचं नाव निघालं त्यानं समजायचं, वजन आता माझ्याकडं येतंय. पुढची खोड काढली जाते ती हसवायला. ओझ्याखाली माणूस श्वास अडवून धरतो. हसला की तो सुटतो, आणि श्वास सुटला की कंबर सरळ होते. हे महिपतीला कुणी शिकवलं नव्हतं. तेरा वर्षं तो त्या चिमट्यांवर असा हसला होता, म्हणून ठाऊक होतं.

या बोलण्याला हद्दी होत्या. गड्याचं पोट, त्याचं घोरणं, त्याची सासुरवाडी, त्याच्या गावचं पाणी यांवर काहीही बोलावं. मेलेलं पोर, आजार, जात यांच्या जवळ जायचं नाही. आणि कुणाला वगळायचं नाही. बजरंगचा थोरला भाऊ तापानं गेला, तेव्हा तो चौदाव्या दिवशी कामावर आला. बाकीचे त्याच्याशी दबक्या आवाजात बोलत होते. पहिलाच रूळ उचलला आणि महिपती ओरडला, “बजरंग्या, पंधरा दीस फुकटचं गिळून आलास, आता तरी जोर लाव!” बजरंगनं जोर लावला. संध्याकाळी तो महिपतीला म्हणाला, “महिपतभाऊ, दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा मी मानसांत आल्यासारखं वाटलं.”

ओझं खाली ठेवलं की तोच बजरंग ‘महिपतभाऊ’ म्हणे. ओझं हातात असलं की म्हणे ‘म्हैपत्या’. महिपती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

हाळी महिपतीकडं आली ती कमरेमुळं. तेहतिसाव्या वर्षी मालगाडीच्या वाघिणीतून रूळ उतरवताना त्याच्या कमरेत काहीतरी तुटलं. तीन महिने घरी पडून होता. उठला तो वाकायचं विसरूनच. टोळीचा जुना हाळी देणारा हौशीराम तेव्हा थकला होता. त्यानंच मुकादमाला सांगून महिपतीला आपल्या जागी घेतलं. ती जागा गेली असती तर महिपतीला दुसरं काम नव्हतं. खाचरात वाकायची कंबर नाही, डोक्यावर घ्यायला मान नाही. होता तो आवाज आणि नजर.

शिकवताना हौशीरामनं एकच गोष्ट दोनदा सांगितली.

“कवा रूळ टाकून द्यायचा आसला, मानूस मरतंय आसं दिसलं, तर काय म्हनशील?”

“सोडा म्हनंन.”

“सोडा दिसातनं कितींदा म्हनतूस?”

महिपतीनं मोजलं. प्रत्येक रूळ खाली ठेवताना ‘सोडा’ म्हणावंच लागे. “चाळीस-पन्नासदा.”

“मंग? चाळीसदा सावकास सोडलेलं हात येकेचाळिसाव्याला फटदिशी कसं सुटतील? ज्ये वज्यावर कवाच ऐकू येत न्हाई, त्येच म्हनायचं. मान द्यायचा. आहोजाहो. राव.”

हा टोळीचा कायदा होता. कुठं लिहिलेला नाही, नव्या गड्याला कुणी बसवून सांगितलेला नाही. ओझ्यावर शिव्या चालू आहेत तोवर सगळं ठीक आहे. हाळी देणाऱ्यानं कुणाला ‘अहो’ म्हटलं, नावापुढं ‘राव’ लावलं, की बाराही जणांनी त्याच क्षणी हात उघडायचे आणि आपापल्या अंगाला मागं उडी मारायची. एकानं सोडलं आणि समोरच्यानं धरून ठेवलं तर चिमटा पिळवटतो आणि धरणाऱ्याच्या नडगीवर येतो. म्हणून बारा म्हणजे बारा. महिपती स्वतः गडी असताना हौशीराम एकदाच ओरडला होता, “अहो कोंडाजीराव!” हात सुटले, रूळ पडला, आणि त्यांच्या पायाखालचा भराव हातभर खचला. कोंडाजी नावाचा तो गडी पुढं पुष्कळ वर्षं जगला.

महिपतीला या गोष्टीचं नवल वाटे. रोज सोळा तास लोकांच्या तोंडात असणारे शब्द, आणि इथं त्यांचं असं काही वेगळंच काम. तो मुळात कमी बोलणारा. घरी तर दिवसाला दहा वाक्यंसुद्धा नाहीत. त्याची बायको विठाबाई एकदा गावाकडून पीठ घेऊन कामावर आली आणि तिनं हाळी ऐकली. पिठाचं गाठोडं तिथंच ठेवून ती झाडाखाली पाठ करून बसली.

“घरात कदी वाकडा शबुद न्हाई,” ती म्हणाली, “आन हितं लोकांच्या लेकरांना आसं बोलता? कुनी शापलं म्हंजे?”

बजरंग पाणी प्यायला आला होता, तो म्हणाला, “वैनी, त्ये बोलनं न्हाई. त्ये वजं उचलनं हाय.”

विठाबाईला पटलं नाही. पण आषाढात लावणीच्या वेळी महिपती घरी होता, आणि बांधावर बसून त्यानं ऐकलं. विठाबाई आणि इतर बाया खाचरात ओळीनं वाकलेल्या. बांधावरून गावचा पाटील छत्री घेऊन चालला होता. बायांनी त्याची छत्री, त्याची चाल, त्याची दुसरी बायको, काही काही सोडलं नाही. सगळ्यांत मोठा आवाज विठाबाईचा. पाटील हसत पुढं गेला. तोच पाटील दुसऱ्या दिवशी विहिरीवर दिसला तेव्हा विठाबाईनं पदर डोक्यावर ओढून तोंड फिरवलं.

“काल त्याला काय म्हनत व्हतीस?” महिपतीनं विचारलं.

“काल चिखलात व्हते,” विठाबाई म्हणाली. घागर कमरेवर घेऊन निम्म्या वाटेवर आल्यावर म्हणाली, “तुमच्या त्या टोळीला पीठ म्या पुढल्या येळंलाबी आनीन.”

तेव्हापासून महिपतीला ऐकायचा नाद लागला. लग्नात विहिणी एकमेकींना गाण्यांतून काय काय म्हणतात, आणि मांडव उतरल्यावर तसलं अर्धं वाक्य कुणी म्हटलं तर काय होईल. कामशेतच्या बाजारात दुकानदार ‘या, बसा’ म्हणतो ते कुणाला बसायला आणि कुणाला वाटेला लावायला. तो कुणाला काही बोलत नसे. ऐके आणि मनात ठेवी.

सन एकोणीसशे सव्वीसच्या माघात टोळीवर नवा ओव्हरसियर आला. पुण्याचा, वय अठ्ठावीस, डोक्यावर टोपी, पायांत बूट. आधीचे साहेब गड्यांना ‘ए’ म्हणून हाक मारत. हा पहिल्याच दिवशी शिदूला म्हणाला, “तुमचं नाव काय? या, इकडे सावलीत या.”

शिदू तिकोण्याच्या बाजूच्या डोंगरवाडीचा. जन्मात त्याला कुणी ‘तुमचं’ म्हटलं नव्हतं. तो सावलीत गेला नाही. मुकादम रखमाजीला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, “मला काडनार हायेत का?”

काढायचं नव्हतं. साहेब मनानं चांगला होता, आणि त्याला तसंच वाटत होतं की माणसाला माणसासारखं बोलावं. त्यातच फाट्याच्या बाजूला मुंबईच्या एका शेठजीचा बंगला होता. हवा खायला आलेल्या बायका सकाळी त्या रस्त्यानं फिरत. त्यांच्याकडून चिठ्ठी आली की मजुरांची भाषा ऐकवत नाही. साहेबानं दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी उभी केली.

“उद्यापासून कामावर शिवीगाळ बंद. प्रत्येकाला नावानं हाक मारायची. भाऊ म्हणा, राव म्हणा. तुम्ही काही जनावरं नाही.”

“जी,” रखमाजी म्हणाला. तो सगळ्यालाच ‘जी’ म्हणे.

महिपती पुढं झाला. “सायेब, वज्यावर तसं न्हाई चालायचं.”

“का? मान दिला की रूळ जड होतो?”

गडी हसले. साहेबही हसला. जी गोष्ट कधी कुणाला सांगावी लागली नव्हती ती सांगायला महिपतीकडं शब्दच नव्हते. “जड न्हाई होत,” एवढंच तो म्हणाला, “पन...” आणि साहेब पुढच्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी महिपतीनं स्वतःपुरती वाट काढली. कुणाला शिवी नाही, कुणाला मान नाही, नुसता आकडा. “दोन लंबर, उचला. पाच लंबर, पुढं.” रूळ उचलला गेला, पण ओढत ओढत. आपला आकडा आला की गडी क्षणभर विचार करी, मी दोन का चार? रोज जेवणाआधी वीस रूळ व्हायचे. त्या दिवशी उन्हं वर आली तरी चारच झाले होते. कुणी हसत नव्हतं. श्वास सगळ्यांचे छातीतच.

साहेब छत्री मिटून जवळ आला. “महिपती, हे काय? आकडे कसले? माणसं आहेत ती. नावं घ्या.”

“जी,” महिपती म्हणाला, आणि आकडेच म्हणत राहिला.

पाचवा रूळ ओढ्यावरच्या भरावावरून न्यायचा होता. वाट सहा हातांची, खाली वीस फूट उतार. चौथ्या चिमट्यावर बजरंग होता. त्याचा पाय खडीवर थोडासा सरकला. असा पाय दिवसात वीसदा सरकतो. महिपतीनं पाहिलं होतं. त्यात घाबरण्यासारखं नव्हतं. पण पुढं उभ्या असलेल्या साहेबानंही पाहिलं, आणि खऱ्या काळजीनं तो ओरडला,

“अहो बजरंगराव! सांभाळा!”

बाराही जणांचे हात उघडले. बारा जण मागं उडाले. नऊ मणांचा रूळ एकदा आपटला, त्याचं पुढचं टोक कड्याबाहेर गेलं आणि तो खडी उधळत उतारावरून खाली गेला. ओढ्यातल्या खडकावर त्याचं टोक वाकलं. त्याचा आवाज बंगल्यापर्यंत गेला असेल.

कुणाला खरचटलं नाही. सगळे एकमेकांच्या पायांकडं बघत उभे राहिले. मग हळूहळू सगळ्यांनी साहेबाकडं पाहिलं.

साहेब पांढरा पडला होता. तो रूळ वर काढायला सोळा माणसं आणि दोरखंड लागले, दिवस तिथंच गेला. संध्याकाळी त्यानं महिपतीला कामावरच्या छपरापाशी बोलावलं.

“एखाद्याचा हात सुटला तर मी समजू शकतो,” तो म्हणाला. “बारा माणसांचे हात एकाच क्षणी सुटतात, हे ठरवल्याशिवाय होत नाही.”

“ठरल्यालंच व्हतं सायेब.”

“म्हणजे कबूल आहे?”

“पन आज न्हाई ठरलं. हौशीरामाच्या येळंला ठरलं.”

“हौशीराम कोण? बोलवा त्याला.”

“वारला.”

साहेबाला ही थट्टा वाटली. मी माणसांना मान द्या म्हटलं, ते तुम्हाला नको होतं, म्हणून तुम्ही टोळीला शिकवून हे करवलंत, असं तो म्हणाला. आवाज न चढवता, ‘तुम्ही’ म्हणूनच म्हणाला. शनिवारी महिपतीनं काम सोडावं, हाळी रखमाजी देईल. रखमाजी मागं उभा होता. त्याच्या तोंडून या वेळी ‘जी’ निघालं नाही.

शनिवारला दोन दिवस होते.

बजरंग आणि शिदू म्हणाले, आमी समदे जाऊन सांगतो. महिपती नको म्हणाला. बारा जण एकदम गेले तर पुन्हा तेच, ठरवून आले. त्याला स्वतःलाच एक गोष्ट कळून घ्यायची होती. साहेब शिकलेला होता, खोटा नव्हता, कानांनी बहिरा नव्हता. मग त्याला हे ऐकू का येत नव्हतं? बाजारात, लावणीत, लग्नात तर सगळ्यांनाच ऐकू येतं. पुण्यात नसेल का असलं काही?

सकाळी तो साहेबाच्या खोलीवर गेला. साहेब स्टेशनाजवळ दोन खोल्या घेऊन राहत होता. त्याची आई हवापालटासाठी त्याच्याकडं आली होती. साहेब ओसरीवर टेबलाशी कागद बघत होता. महिपती पायरीखाली उभा राहिला.

“सांगा,” साहेब म्हणाला.

महिपतीनं सांगायला सुरुवात केली. चिमटे, नडगी, सोडा हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, भराव कसा खचला. जसं जमलं तसं. साहेब ऐकत होता आणि अधूनमधून कागदावर बघत होता. आतून आवाज आला,

“बंड्या, चहा निवतोय रे!”

“आलो,” साहेब म्हणाला आणि हलला नाही.

महिपती पुढं सांगत राहिला. आतून पुन्हा हाक आली, “बंड्याऽ!” साहेबानं नुसतं “हं” केलं. मग तोच आवाज, अगदी हळू, अगदी गोड,

“बंडोपंत, आपल्याला सवड झाली म्हणजे यावं हं.”

साहेब ताडकन उठला. खुर्ची मागं पडली. हातातले कागद खाली पडले. दारापर्यंत पोचला आणि थांबला, कारण महिपती हसत नव्हता, पण टक लावून त्याच्याकडं बघत होता.

“सायेब,” महिपती म्हणाला, “आत्ता तुमी का उठलासा?”

साहेबानं खुर्चीकडं पाहिलं, कागदांकडं पाहिलं.

“दोनदा आरं म्हनून हाक मारली तवा बसून व्हता. मान दिला तर हातातलं टाकून उठला.”

साहेब आत गेला. महिपती तिथंच उभा राहिला. आत आईचा आवाज आला आणि साहेबाचा आला, काय ते कळलं नाही. मग साहेब दोन कप घेऊन बाहेर आला आणि एक त्यानं पायरीवर ठेवला.

“तुमचं म्हणणं कळलं,” तो म्हणाला. “पण कळणं वेगळं. मी स्वतः चिमटा धरून बघणार. एक रूळ.”

“तुमी?”

“मी.”

चहा गोड होता. महिपतीला तो फारसा लागला नाही. वाटेनं चालताना त्याला जाणवलं की आपण सुटलो नाही, उलट अडकलो. साहेब चिमट्याला लागला की तो बारा जणांतला एक. हाळीत त्याचं नाव घ्यावंच लागणार, वजन त्याच्याकडं जाईल तेव्हा. ‘साहेब’ म्हटलं तर रूळ पडेल. आणि नाही म्हटलं तर?

साहेब जेवणाच्या आधी आला. कोट काढून झाडाला अडकवला, बाह्या सारल्या. शिदू बाजूला झाला आणि चौथ्या चिमट्याची जागा त्यानं साहेबाला दिली, समोर बजरंग. शिदूनं साहेबाचे हात धरून चिमट्यावर नीट बसवले. “आंगठा हितं नको,” तो म्हणाला. “हितं ठिवला तर जाईल.” कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

वाट कालचीच, ओढ्यावरच्या भरावाची.

“आज कशी हाळी देऊ सायेब?” महिपतीनं विचारलं.

“रोज द्यायचात तशी.”

“उचला!”

रूळ उठला. “रखम्या,” महिपतीनं मुकादमापासूनच सुरुवात केली. आज तोही पहिल्या चिमट्यावर होता. “रखम्या, जी जी करून पाठीचा कणा पातळ झाला का तुजा?”

“हां रं हां!” दोन दिवसांचा अडलेला श्वास एकदम सुटला. रूळ पुढं सरकला. महिपती दुसऱ्या चिमट्यावर गेला, तिसऱ्यावर गेला. भराव आला. चौथ्या चिमट्यापाशी उंचवटा होता, आणि वजन आता तिथं चाललं होतं. साहेबाला ते ठाऊक नव्हतं. त्याचे दंड थरथरत होते, मान खाली, तोंड लाल. रूळ त्याच्या बाजूनं लवायला लागला. महिपतीनं पाचव्या चिमट्याकडं पाहिलं, पुन्हा चौथ्याकडं. तोंडात शब्द होता आणि बाहेर येत नव्हता. वय बेचाळीस, कंबर गेलेली, घरी विठाबाई. जागा गेली तर गेली, पण साहेबाला काय म्हणायचं?

“म्हैपत्या!” बजरंग दात आवळून ओरडला. “नाव घे की त्याचं! मनगट चाललं माजं!”

“ए बंड्या!” महिपती गरजला. “आईच्या हातचा चा पिऊन आलास, आन रूळ काय बशीत धरलाय? उचल!”

मग साहेबाच्या नाकातून फस्सकन आवाज निघाला. हसू होतं ते. मान वर आली, कंबर सरळ झाली, रुळाची ती बाजू चार बोटं उठली.

“हां रं हां!” अकरा जण. आणि मागोमाग, जरा चुकून, बारावा.

भराव ओलांडला. रुळांखालच्या स्लीपरांवर आल्यावर महिपती रोजच्या आवाजात म्हणाला, “सावकास. सोडा.” रूळ खाली बसला.

साहेब वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. हात उघडले तेव्हा तळव्यांची कातडी दोन ठिकाणी निघालेली दिसली. महिपतीनं पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यापुढं धरला.

“सायेब, हात धुऊन घ्या. मीठ लागंल, घामाचं.”

साहेबानं हात धुतले. मग म्हणाला, “मघाशी मला काय म्हणालात तुम्ही?”

सगळे ऐकत होते. महिपतीनं तांब्या खाली ठेवला.

“मघाशी हातात वजं व्हतं, सायेब,” तो म्हणाला. “आता खाली ठिवलंय.”

साहेबानं झाडावरचा कोट काढून घेतला. मग तो अंगात न घालताच छपराकडं गेला.

शनिवार आला आणि गेला. महिपतीला कुणी जा म्हटलं नाही. सोमवारी साहेबाचा लेखी हुकूम आला, तो रखमाजीनं टोळीपुढं वाचला. बंगल्यासमोरच्या दोनशे फुटांत रूळ हातानं न्यायचे नाहीत, ट्रॉलीवर न्यायचे. आणि दुसरं कलम, कामावर योग्य भाषा वापरावी.

“योग्य म्हंजे कंची?” शिदूनं विचारलं.

रखमाजीनं कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. “त्ये न्हाई लिवलं.”

“लिवायचं कशाला,” बजरंग म्हणाला. “चल, चिमटा घे.”

महिपतीनं त्यानंतर बारा वर्षं हाळी दिली. साहेब दीड वर्षानं बदलून गेला. असेपर्यंत छपरात, रस्त्यात, सावलीत तो सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत राहिला, आणि गड्यांना त्याची सवय झाली. शिदूला तर आवडू लागलं. चिमट्यापाशी मात्र साहेब आला की तोंड मिटून उभा राही.

अडतीस साली घसा गेला, तेव्हा महिपती वडिवळ्याला परतला. दोन-तीन वर्षांनी कामशेतच्या बाजारात त्याला बजरंग भेटला. बरोबर बजरंगचे व्याही होते, पुण्याकडचे, फेटेवाले. महिपतीच्या दोन्ही हातांत पिशव्या, एकीत मीठ, एकीत वांगी. व्याह्यांसमोर शोभेल अशा रीतीनं बजरंगनं लांबूनच हात जोडले.

“अहो महिपतराव! बरं हाय ना?”

महिपतीचे दोन्ही हात उघडले. पिशव्या खाली पडल्या आणि तो दोन पावलं मागं उडाला, मोडक्या कमरेनिशी. वांगी रस्ताभर झाली. व्याही बघतच राहिले.

“म्हैपत्या,” बजरंग वांगी गोळा करत हसू दाबून म्हणाला, “म्हातारपनी बाजारात लोळतूस का रं? चल, उचल!”

“हां रं हां,” बसक्या घशानं महिपती म्हणाला, आणि पिशवीचा एक कान त्यानं धरला, दुसरा बजरंगनं.